दुप्पट भरलेला बार

उन्हाळा चढला तसा खाणीवर दिवसातून दोनदा बार उडायला लागला. एरवी दुपारी एकलाच उडायचा. पाऊस लागायच्या आत नव्या रस्त्याची सगळी खडी देतो असं मालक कबूल करून बसला होता, आणि त्याच्या त्या एका शब्दासाठी सव्वाशे माणसं सकाळी सहापासून तापल्या दगडाशी झटत होती. डोंगराचं अर्धं अंग खरवडून निघालं होतं.

भोकं पाडायचं आणि भरायचं काम एकाच माणसाकडे होतं. बावीस वर्षं तो हेच करत आला. ड्रिल मशीन पोटाला लावून दगडात भोक पाडायचं, त्यात जिलेटिनच्या कांड्या सोडायच्या, वरून माती ठासायची, वायर जोडायची आणि लांब जाऊन पाठ फिरवून बसायचं. लोक त्याला सुरुंगवालाच म्हणत. डावा कान केव्हाच गेला होता, उजवा निम्मा उरला होता. घरात तो बायकोशी हळू बोलायला गेला की शेजारी भिंतीपलीकडून उत्तर द्यायचा.

बायको खडी फोडणाऱ्या क्रशरवर होती. पट्ट्यावरून वाहत जाणाऱ्या खडीतली मातीची ढेकळं वेचून फेकायची. घरी येताना तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत आणि खोकला आला की थुंकी करडी पडे. दोघांना एकच मुलगी, दहावीत गेलेली. "हिच्या अंगाला ही धूळ लागता कामा नये," एवढं एकच बायको नवऱ्याला अधूनमधून बजावायची. तो "बरं" म्हणायचा. ऐकू आलं नसलं तरी बरं म्हणायचा.

शाळेत दहावीचे वर्ग उन्हाळ्यातही सकाळचे भरत. विज्ञानाच्या बाई शहरातून बसने यायच्या. सहा फुटी डिजिटल फळा आणि आठ टॅब त्यांनी अर्जांमागून अर्ज करून शाळेत आणले होते. गावात नेट धड चालत नसे, म्हणून त्या रविवारी घरी बसून हृदयाचे, ज्वालामुखीचे, पेशींचे व्हिडिओ उतरवून घ्यायच्या आणि सोमवारी पिशवीतून आणायच्या. वीज गेली की फळा काळा पडे. मग बाई खडू घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता जुन्या काळात जाऊ."

त्या दिवशी धडा तरंगांचा होता. बाईंनी हादरे टिपणारं ॲप लावून एक टॅब बाकावर ठेवला आणि मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणाल्या, "मार बुक्की."

त्याने मारली. मोठ्या फळ्यावर हिरवी रेघ ताडकन उडाली आणि थरथरत खाली आली. वर्ग ओरडला.

"आता सगळे गप्प. हलायचं नाही."

सगळे श्वास रोखून बसले. तरीही रेघ बारीक बारीक कापत होती.

"हे कोण करतंय?" बाईंनी विचारलं.

"क्रशर," सुरुंगवाल्याची मुलगी म्हणाली. "आणि बाई, बार उडाला की आमच्या घरातली ताटं खाली येतात. ते मोजता येईल?"

 बाई म्हणाल्या, "येईल. का नाही येणार?"

पाच टॅब पाच घरांत गेले. पंधरा दिवस प्रत्येक बाराचा हादरा नोंदवायचा, खाली निरीक्षण लिहायचं. सुरुंगवाल्याच्या घरात टॅब भिंतीच्या कडेला जमिनीवर फडक्यात गुंडाळून ठेवला होता. रविवारी त्याच्या लक्षात आलं.

"काय गं हे?"

"बाबा, हे तुमचे बार आहेत."

"माझे?"

मुलीने फडकं काढलं. "हा सोमवारचा. ह्याच्यावर बोट ठेवा, मोठा होतो."

त्याने बोट सदऱ्याला पुसून ठेवलं. चित्र फुगलं तसा त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मुलगी हसली. मग तो उकिडवा बसून बघतच राहिला. एकामागून एक सहा सुळके होते.

"सहा ओळी लावल्या होत्या मी सोमवारी. बरोबर आहे की गं!" तो म्हणाला. बावीस वर्षं त्याने बार उडवले होते, पण दर वेळी पाठ करून. आपल्या हातचं काम तो आज पहिल्यांदा समोरून बघत होता. मंगळवार पाहिला, बुधवार पाहिला. बुधवारची तिसरी ओळ नीट पेटली नव्हती, ते त्याने बरोबर ओळखलं. गुरुवारची रेघ मात्र चौकटीच्या बाहेर गेली होती.

"हा एवढा कसा काय?" मुलीने विचारलं.

"गुरुवारी दुप्पट भरला होता. मुकादम म्हणाला, वेळ नाही, चारच्या जागी आठ कांड्या घाल."

मुलीने ते खालच्या रकान्यात लिहिलं. तो तिच्या बोटांचा वेग कौतुकाने बघत होता.

"काय लिहिलंस?"

"निरीक्षण."

"लिही, लिही," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी बाईंनी पालकांना बोलावून हे सगळं मोठ्या फळ्यावर दाखवलं. पालक बसले होते ते शिकायला म्हणून नाही, पोरांनी काय उद्योग केलाय ते बघायला. पण पाच घरांच्या पाच रेघा, खाली पोरांची निरीक्षणं, अशा एकाखाली एक आल्या आणि लोक बोलायला लागले. एकाच्या विहिरीचं बांधकाम ढासळलं होतं. एकाची भिंत पाळण्याच्या बाजूला फाटली होती. कुणीतरी फळ्याचा फोटो काढला. तो या फोनवरून त्या फोनवर करत कुठल्याशा कचेरीत पोहोचला. चौथ्या दिवशी जीप आली. अधिकाऱ्याने दारूगोळ्याच्या खोलीला सील ठोकलं आणि चौकशी होईपर्यंत खाण बंद ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाने सगळ्या माणसांना खाणीच्या तळाशी गोळा केलं. त्याच्या हातात फोन होता.

"ऐका रे. शाळेत काय शिकवतात ते ऐका," असं म्हणून त्याने मोठ्याने वाचलं, "'माझ्या वडिलांनी सांगितले की गुरुवारी प्रत्येक भोकात चारऐवजी आठ कांड्या भरल्या होत्या.' कुणाचे वडील हे? पुढे या, वडील."

सुरुंगवाला पुढे आला. मुकादमाने त्याच्या चांगल्या कानावर थप्पड मारली.

"ऐकू आलं?"

त्याला फक्त शिट्टी ऐकू येत होती. त्याने मान हलवली.

"नाही आलं वाटतं." मुकादमाने दुसरी मारली. दोन-चार जण हसले, मग आणखी काही हसले. "कान धर. धर म्हणतो ना! आणि दुपारपर्यंत इथेच उभा राहा."

सेहेचाळीस वर्षांचा माणूस कान धरून दगडाच्या खड्ड्यात उभा राहिला. काम नसलेली माणसं सावलीला बसून त्याच्याकडे बघत होती. कुणी चहा पीत होतं. अकराच्या सुमारास त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. वर क्रशरपाशी बायकांचा कालवा उठला होता, पण त्याला तो नीट ऐकू येत नव्हता. तिथे पट्ट्यावरच्या एका धिप्पाड बाईने त्याच्या बायकोचे केस धरून तिला खडीच्या ढिगावर आपटलं होतं.

"तुझी पोरगी शिकणार आणि आमची उपाशी मरणार होय गं?" असं म्हणत ती तिचं तोंड खडीत घासत होती.

दुपारी तो घरी आला तेव्हा मुलगी आईच्या गालातले खडे ओल्या कापडाने काढत होती. त्याने दार लावलं. कोपऱ्यात मशीनच्या हवेच्या नळीचा हातभर तुकडा होता, तो उचलला आणि काही न बोलता मुलीच्या पाठीवर मारला.

ती किंचाळली आणि मग वळून म्हणाली, "मी खोटं लिहिलं का?"

त्याने पुन्हा मारला.

"सांगा ना, बाबा. खोटं लिहिलं का?"

ती विचारत गेली आणि तो मारत गेला. तिच्या दंडावर, पोटरीवर नळीचे वळ उठले. चौथ्या वेळी आई मध्ये पडली. तडाखा तिच्या तोंडावर बसला, पुढचा दात हलला आणि ओठातून रक्त आलं. तेव्हा तो थांबला. नळी हातातच होती. बायकोने रक्त थुंकलं आणि म्हणाली, "ज्यानं तुम्हाला मारलं त्याला मारता येत नाही, म्हणून ही का?"

त्याला ते ऐकू आलं. 

ऊन कलल्यावर मुकादम दारात आला. बसा म्हणायच्या आत खाटेवर बसला. आता त्याचा आवाज मऊ होता.

"हे बघ, मालक तुला काढून टाका म्हणत होते. मी म्हटलं, जुना माणूस आहे. त्या फळ्याच्या डब्यात आणि टॅबमध्ये सगळं साठवलेलं आहे म्हणे. ते फुटलं की उरला फोटो. फोटोचं मी बघून घेतो. उद्या सकाळी शाळेत जायचंय. फोडायचं ते तुझ्या हातानं. घण तुझाच आण."

"मीच का?"

"म्हणजे लोकांना कळेल, तू कुणाचा माणूस आहेस ते."

मुलगी आतल्या खोलीत होती, तिला त्यांचं बोलणं नीट कळलं नाही. सकाळी तिला आईने कारण न सांगता शाळेत जाऊ नको म्हणून विनवलं. ती अंगभर ओढणी घेऊन, वळ झाकून गेली.

नऊ वाजता वर्ग भरला होता. फळ्यावर मोठं हृदय धडधडत होतं, एका बाजूने निळं रक्त आत येत होतं आणि दुसऱ्या बाजूने लाल बाहेर जात होतं. मुकादम आणि आठ माणसं आत शिरली. मुख्याध्यापक दारात "अहो, अहो" म्हणाले, तर एकाने त्यांना गचांडी धरून व्हरांड्यात ढकललं. ते खांबावर आपटून खाली बसले.

बाईंनी आत आलेल्या माणसांकडे पाहिलं. सुरुंगवाल्याच्या खांद्यावर आठ किलोचा घण होता.

"आधी मुलांना बाहेर जाऊ द्या," बाई म्हणाल्या. 

मुलं बाकांवरून उड्या मारत दाराकडे धावली. एक मुलगी रडत बाकाखालीच राहिली. माणसांनी कपाट फोडलं. टॅब एकेक करून जमिनीवर येत होते आणि त्यांच्यावर पहारी पडत होत्या. एका माणसाने बाईंची पिशवी उलटी करून त्यातली वायरींची गुंडाळी खिडकीतून भिरकावली.

"हां, चल," मुकादम म्हणाला.

सुरुंगवाला फळ्याकडे वळला. फळ्याला पाठ लावून त्याची मुलगी उभी होती. तिच्या डोक्याच्या मागे ते हृदय तसंच धडधडत होतं.

"हो बाजूला."

ती हलली नाही.

"हो बाजूला म्हणतो ना!"

"मारा," ती म्हणाली. "काल मारलंतच की."

मागे कुणीतरी हसलं. मुकादम म्हणाला, "पोरगी बापापेक्षा दमदार निघाली रे."

सुरुंगवाल्याने घण उचलला. तो खांद्याच्या वर नेला, कंबर वळवली आणि पूर्ण ताकदीने सोडला. बाई मध्ये आल्या. त्यांनी एका हाताने मुलीला ढकललं आणि दुसरा हात वर धरला. घण त्यांच्या कोपराखाली बसला आणि हातासकट फळ्यात घुसला. हाड मोडल्याचा आवाज त्याने त्या निम्म्या कानानेही ऐकला. दगड फुटल्यासारखा नव्हता तो, ओलं लाकूड पिचावं तसा होता. काच बाईंच्या केसांवर, मानेवर सांडली. हृदय विझलं. बाई आधी खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. त्यांचा हात जिथे वाकायला नको तिथे वाकला होता.

मुलीने बाकाजवळचं लोखंडी स्टूल उचललं आणि बापाच्या डोक्यात घातलं. त्याची कवटी चिरली नाही एवढंच. डोळ्यात रक्त आलं, त्याने भिंतीला धरलं. ती पुन्हा मारायला धावली, तर मुकादमाच्या माणसाने तिला वेणीला धरून फरफटत वर्गाबाहेर टाकलं.

बाईंना मुलांनी हातगाडीवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. शहराच्या दवाखान्यात त्यांच्या हातात लोखंडी पट्टी घातली. हवालदार तिथे जाऊन जबाब घेऊन आला. बाईंनी नावं सांगितली होती, पण कागदावर आलं ते 'अनोळखी इसम' एवढंच. मुलगी बाईंच्या घरी राहायला गेली. त्यांची वेणी घालायची, जेवण भरवायची. घरी निरोपसुद्धा पाठवला नाही.

सुरुंगवाल्याची बायको त्याला ताट वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. एकदा तो म्हणाला, "मला वाटलं ती सरकेल."

"तुम्हाला काय वाटलं ते मला नका सांगू," ती म्हणाली. "बाईंनी हात घातला नसता, तर आज मी कुणाची आई असते?"

दहाव्या दिवशी, पुरावा नाही म्हणून, सील निघालं. मुकादमाने पहिल्याच सकाळी सांगितलं, "दहा दिवस बुडालेत. आठ भर." सुरुंगवाल्याने आठ भरल्या. दुपारी बार उडाला तेव्हा तो नेहमीसारखा पाठ करून बसला होता. डोक्यावरून काहीतरी सूं करत गेल्याचं त्याला हवेवरून कळलं. वळला तेव्हा क्रशरवर धुळीचा लोट होता आणि बायका धावत होत्या.

घमेल्याएवढा दगड पट्ट्यावर येऊन पडला होता. त्याच्या बायकोला ज्या बाईने मारलं होतं, तीच त्याखाली होती. खांदा आणि छातीची एक बाजू सपाट झाली होती. तिचं डोकं त्याच्या बायकोने मांडीवर घेतलं होतं. ती बाई पाणी मागत होती, आणि पाजलेलं पाणी तोंडातून लाल होऊन परत येत होतं. जीप येईपर्यंत ती गेली. मुकादम म्हणाला, "पट्ट्यात अडकली. सगळ्यांनी हेच सांगायचं."

त्या संध्याकाळी बायकोने लुगडं तीन पाण्यातून काढलं तरी डाग निघाले नाहीत.

सकाळी मुकादमाने पुन्हा आठ सांगितल्या. सुरुंगवाला भोकाशी बसला होता. त्याने चार कांड्या सोडल्या आणि माती ठासायला घेतली.

"आठ म्हटलं मी."

"चारच भरीन."

"काय म्हणालास?"

"चारच. आजपासून रोज चारच. नाहीतर तुम्ही भरा."

बोलता बोलता तो उठून उभा राहिला. कधी नव्हे ते मुकादमाच्या डोळ्यात बघत होता. पहिला फटका मागून आला, ड्रिलच्या सळईचा, बरगडीवर. तो गुडघ्यावर आला. मग तिघे जण मारत होते. एकाने बुटाची टाच त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर ठेवून फिरवली. त्याने ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण ओरडला. कान धरायला सांगणारा तोच आवाज वरून म्हणत होता, "मोज रे, चार झाले की आठ?" खाणीतली माणसं उभी राहून बघत होती. ह्या खेपेला कुणी हसलं नाही. एक म्हातारा दगडफोड्या शेवटी मध्ये आला आणि म्हणाला, "मरेल तो. बास करा."

बायको त्याला खांद्यावर तोलत खाली घेऊन आली. रस्त्यावर पाण्याचा टँकर मिळाला. तिने ड्रायव्हरला दवाखान्याचं सांगितलं.

"आधी चौकीत," तो म्हणाला. बोलताना बरगडीत सुरी फिरत होती.

"आधी दवाखाना."

"मग मला जमायचं नाही. आत्ताच चौकीत."

हवालदाराने त्याला पाहून खुर्ची मागे सरकवली. "अरे, पडलास का खाणीत?"

"लिहून घ्या," सुरुंगवाला म्हणाला. "शाळेत घण मी मारला. पहिलं ते लिहा. मग कुणी न्यायला लावलं ते लिहा. मग क्रशरवरची बाई कशानं मेली ते लिहा. कुठल्या दिवशी किती भरलं ते सगळं माझ्या डोक्यात आहे."

"घरी जा. कशाला मालकाशी वैर घेतोस? तुझ्यावरच उलटेल."

"उलटू दे."

हवालदार फायली चाळायला लागला. बायकोने नवऱ्याला बाकावर बसवलं आणि स्वतः दाराच्या मधोमध जमिनीवर बसली. "लिहिल्याशिवाय मी इथून उठत नाही," ती म्हणाली. "ओलांडून जायचं तर जा." तासाभरात बाहेर माणसं जमली. मेलेल्या बाईचा नवराही त्यांच्यात येऊन उभा राहिला. मग मोठ्या साहेबांचा फोन आला की काय कोण जाणे, हवालदाराने कागद पुढे ओढला. दोन तास तो लिहीत होता. सुरुंगवाला तारखा सांगत होता, भोकं सांगत होता, कांड्या सांगत होता. मधे मधे त्याला ग्लानी येई, बायको तोंडावर पाणी मारी.

दुपारी ओळख पटवायला बाईंना बोलावलं. त्या मुलीच्या आधाराने आल्या. हात गळ्यात होता, बोटं सुजून काळी पडली होती. सुरुंगवाल्याने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"हाच का?" हवालदाराने विचारलं.

बाईंनी त्याच्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलं. "हाच," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

"आणि तू? ओळखतेस ह्याला?"

मुलीने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर मेल्यासारखी पडली होती.

"बाप आहे माझा," ती म्हणाली. "घण ह्यांनीच मारला."

हवालदाराने लिहिलं आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे केला. तिने सही केली नाही. आधी वाचायला घेतलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इथे तुम्ही 'चुकून लागला' असं लिहिलंय."

"अगं, त्याच्याच भल्यासाठी लिहिलंय. शिक्षा कमी होते."

"चुकून नाही लागला. मी तिथे उभी आहे हे त्यांना दिसत होतं."

 हवालदाराने सुरुंगवाल्याकडे पाहिलं. मुलीचं बोलणं त्याला ऐकू गेलं नसावं असं वाटून तो पुढे वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "काय रे, चुकून लागला ना?"

सुरुंगवाला मुलीकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला. "चुकून नाही. खोडा ते."

हवालदाराने तो शब्द खोडला. मुलीने कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि खाली सही केली.